अर्ध्या चंद्राचे रविवार

— नाही, मी इथेच बसणार. ऊन आहे तर असू दे. तुम्ही सरका हवं तर सावलीला, माझ्यासाठी अडून बसू नका, मला ह्या पायऱ्या दिसायला हव्यात. म्हटलं ना मघाशी, दोघी येताहेत – माझी धाकटी जाऊ आणि आमच्याकडची इस्त्रीवाली – चालत, किनाऱ्याकिनाऱ्याने, त्या कड्याच्या खालून. मिठाच्या शेडपासून नऊला निघाल्यात, बारापर्यंत ह्याच पायऱ्या चढून वर येतील. येतील हो. न यायला काय झालं? तुम्ही सारखं तिकडे बघू नका, मला उगाच धास्ती वाटते. मी आले तेव्हा नऊ पायऱ्या उघड्या होत्या, आता सात आहेत. दोन पायऱ्यांनी काय होतं? लाट आली की ओली होते, गेली की सुकते. मोजायची सवय आहे मला, बाकी काही नाही.

हौस? हौस कसली आलीय, बाई! आम्ही तिघी हॉस्पिटलच्या धुलाईघरात. मी मशीनवर, जाऊ घड्या घालायला आणि ती तिसरी इस्त्रीवर – वीस वर्षं त्या वाफेच्या यंत्राशेजारी उभी राहून उजवा कान गेला तिचा, डाव्या कानात ओरडलं तर ऐकते आणि नाही ऐकलं तरी हसून मान हलवते. दिवसभर लोकांच्या चादरी धुतल्यावर कुणाला हौस राहते? पण माझा दीर गेला – ह्या जावेचा नवरा – झोपेतच गेला, चाळिशीतला माणूस – आणि ही बसली भिंतीकडे तोंड करून. सहा महिने. जेवण ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी गोळ्या फळीवर ठेवल्या आणि म्हटलं, ऊठ. कुठे? म्हटलं, कुठेही, पायात चपला घाल. बंदराच्या भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो, वाटेत एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या खेपेला तिनेच विचारलं – भिंतीच्या पलीकडे काय आहे, जाऊबाई? म्हटलं, चल, बघू. तेव्हापासून नियम पडला – जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं, एक पाऊलसुद्धा गाळायचं नाही, पार त्या मोठ्या दिव्यापर्यंत, बोटींना वाट दाखवतो ना, तिथपर्यंत. जाताना बस, येताना बस, मधलं सगळं पायी. इस्त्रीवाली तिसऱ्या खेपेला आली, नवऱ्याचे बूट घालून, पुढे कापडाचे बोळे कोंबलेले. अजून तेच बूट. आमचे हे म्हणतात, सख्ख्या जावा एका रस्त्याने चालताहेत म्हणून समुद्रच बिचकून मागे सरकत असेल. अकरा खेपा झाल्या. आजची बारावी.

तर समुद्र मागे सरकायचा, पण तो आमच्या जावपणाला भिऊन नाही. मी बघायची म्हणून. पाणी मी बघायची, एवढं एक काम माझ्याकडे. त्या दोघींना वाटायचं, आम्ही आपल्या आड रविवारी जातो, म्हणजे एक रविवार कपडे-भांडी आणि एक रविवार चालणं. मधे एकदा तीन आठवडे थांबवलं होतं, तर जावेने विचारलं, ह्या वेळी तीन का? मी म्हटलं, मी म्हणते म्हणून. तुम्हाला सांगते, तुम्ही काय, उद्या कुठे भेटणार आहात मला? – चंद्र अर्धा असला ना, की आमच्या ह्या किनाऱ्याला दुपारी बाराला पाणी तळाला जातं. सकाळी निघावं, पाणी आपलं पुढे पुढे उतरत असतं, कितीही रमतगमत चाला. अर्ध्या चंद्राचा रविवार आमचा. माझी आई खडकावरची कालवं काढून विकायची, तिचं हे गणित. चौथीतून काढलं मला ते ह्याच्यासाठीच – शाळेचं गणित सुटलं आणि हे हाती आलं. आणि दुसरं एक – पाण्याच्या वरची वाळू ओली असेल तर पाणी उतरतंय, कोरडी असेल तर चढतंय. नुसत्या रुंदीवर जाऊ नये. सकाळी नऊला वाळू दोन्ही दिवशी तेवढीच दिसते, अर्ध्या चंद्रालाही आणि –

सहा. सहाच दिसताहेत ना? की पाच? ती हिरवी शेवाळलेली धरायची का? धरू या. सहा.

त्यांना का नाही सांगितलं म्हणता? कशाला सांगू? जाऊ दहावी पास. हॉस्पिटलात वह्या तिच्याकडे, किती चादरी आल्या, किती गेल्या, सगळं तीच लिहिते. सुपरवायझर काही विचारायचं तर तिलाच विचारतो, मी त्याच्यासमोर उभी असले तरी. घरी वीजबिल तिने वाचायचं, औषधाची चिठ्ठी तिने वाचायची. माझ्याकडे असं एकच होतं जे तिच्याकडे नव्हतं. ते मी देऊन टाकायचं? आणि दिलं असतं तर दुसऱ्याच दिवशी वहीत लिहून तिचं झालं असतं. बघा, तुमचं तोंड कसं झालं! तुम्हाला काय वाटलं, मी चांगली बाई आहे? भिंतीकडे तोंड केलेलीला उठवलं ते मीच, आणि ही पण मीच.

मागचा रविवार आमचा होता. बरोबर अर्धा चंद्र. पण हॉस्पिटलात दोन मशीनं बंद पडली, सुट्टी रद्द झाली, रविवारचं सगळं हाताने पिळलं. तेव्हा जाऊ म्हणाली, काही बिघडत नाही, ह्या रविवारी नाही तर पुढच्या रविवारी. सगळ्या बायकांसमोर म्हणाली. मी म्हटलं, पुढचा नाही, त्याच्या पुढचा. का? म्हटलं, मी म्हणते म्हणून. तर हसली. आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात देत काय म्हणाली ऐका – आमच्या जाऊबाईंना वाटा पाठ आहेत हो, अक्षरांचं तेवढं विचारू नका. सगळं धुलाईघर हसलं. इस्त्रीवालीसुद्धा हसली, तिला ऐकू आलं नव्हतं तरी. मग म्हणते कशी, आणि तुमचा गुडघा सुजलाय ना, तर तुम्ही बसने पुढे जाऊन बसा, आम्ही दोघी येतो चालत. बसने! म्हणजे मी काय बोचकं आहे? बारावी खेप माझी गाळली तिने. एक पाऊल गाळायचं नाही म्हणणारी मी, आणि मलाच बसमध्ये घालून पाठवलं.

तर मी म्हटलं, बरं. एवढंच. बरं. तिने मला विचारायला हवं होतं की नाही, पाणी कसं आहे म्हणून? अकरा खेपा मला विचारून पाऊल टाकलं आणि आज नाही विचारलं. मग भोगा म्हटलं. म्हणजे भोगा असं नाही, भिजा जरा, पळापळ होऊ दे, कमरेएवढ्या पाण्यातून वर या आणि मग म्हणा, जाऊबाई, तुम्ही हव्या होतात. एवढंच मनात होतं माझ्या. देवाशपथ एवढंच.

काल चंद्र बघितलात का तुम्ही? नाही? मी बघितला. गच्चीवर चादरी काढायला गेले होते. पूर्ण. ताटासारखा.

कड्याखालचं? हो, ठाऊक आहे ना. आज चालायचा होता तो तुकडा मी लहानपणीच चाललेय, आईबरोबर. मधोमध एक घळ आहे, तिच्यातून शेरडं वर चढतात, माणूसही चढेल, हात टेकत टेकत. घळ ओलांडली की मग ह्या पायऱ्यांपर्यंत वर जायला कुठेही वाट नाही. नुसता कडा, सरळ, ओला, शेवाळलेला. पूर्ण चंद्राच्या दिवशी आई तिकडे पाऊल टाकू द्यायची नाही. कालवं गेली खड्ड्यात म्हणायची. पाणी कड्याला लागतं हो तिथे. कमरेला नाही, डोक्यावर. हे मला – हे मला आत्ता इथे बसल्यावर नाही आठवलं. बसमध्ये आठवलं. नाही, थांबा, बसमध्येही नाही. खोटं कशाला बोलू, तुमच्याशी खोटं बोलून मला काय मिळणार? सकाळीच आठवलं होतं. चहा गाळताना.

पाच.

आणि तिने विचारलं. मघाशी म्हटलं ना, विचारलं नाही म्हणून? विचारलं. निघताना दारात चपलेचा पट्टा लावत होती, मान वर न करता म्हणाली, जाऊबाई, पाणी ठीक आहे ना आज? अगदी हळू म्हणाली. तो जो आवाज होता ना, तो सहा महिन्यांनंतर पहिल्यांदा बोलली तेव्हाचा आवाज. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, बघ की तूच, दहावी पास आहेस. ती हसली नाही. उभी राहिली थोडी. मग इस्त्रीवालीने हाक मारली आणि गेल्या दोघी, तिचे ते बूट फटक फटक वाजत. त्या बिचारीने माझं काय केलं होतं? तिला तर माझं म्हणणंही ऐकू आलं नाही.

काय काढताय पर्समधून? ठेवा तो. कुणाला लावताय? कुणाची बोट यायला तास जाईल, तोवर काय राहणार आहे? माझ्याकडे आहे फोन. केला मी. तीनदा केला, तुम्ही यायच्या आधी. दोनदा कापला तिने, तिसऱ्यांदा वाजून वाजून थांबला. माझं नाव दिसतं ना तिला. म्हणत असेल, बसमध्ये बसून टोमणे सुचले असतील म्हातारीला. इस्त्रीवालीकडे फोन नाही, असता तरी ऐकू येणार नाही. आणि लिहून पाठवायचं म्हणाल तर – ते मला जमत नाही. हसा. नाही हसत? बरं.

किती वाजले? साडेदहा होऊन गेले? मग घळीपाशी असतील. जावेला दहा वाजले की भूक लागते, सावली दिसली की डबा उघडलाच पाहिजे, बसून, सावकाश, एक एक घास चावून चावून. अकरा खेपा मी तिला त्याच्यावरून बोलले – अगं आटप, अगं दिवस इथेच घालवतेस का. आज खा म्हणावं. दोन घास जास्त खा. घळीतली सावली सोडू नको. तिला वाटतंय, बाराला पाणी तळाला जाईल, रविवारी जातंच. तिचा रविवार म्हणजे नुसता रविवार. मीच शिकवलं तसं. न सांगून शिकवलं.

तुमच्या फोनवरून? तुमचा नंबर तिला माहीत नाही. हो. अनोळखी असला की उचलते ती, कुणाचं तरी काम असेल म्हणून. उचलेल. पण मी काय बोलू? पाणी येतंय एवढंच? ती विचारेल ना, सकाळी का नाही बोललात. ती विचारेलच, ती सोडणारी नाही. आणि मग घरी, धुलाईघरात, आमच्या ह्यांच्यासमोर – जन्मभर चादरीचं दुसरं टोक धरून ती माझ्यासमोर उभी राहणार, आणि तिला ठाऊक असणार. तुम्ही दिलं असतंत का उत्तर? नका सांगू. द्या इकडे. नंबर मी दाबते, आकडे येतात मला. वाजतोय. वाजतोय. वाजतोय अजून –

हॅलो. ठेवू नको. मी आहे. अगं ठेवू नको म्हणते ना! कुठे आहात? घळीपाशी? पुढे? किती पुढे? घळ दिसते का मागे वळून? दिसते ना? फिरा मागे. आत्ता. का म्हणजे भरती आहे, पाणी उतरत नाहीये, चढतंय. पायाखालची वाळू बघ, कोरडी आहे का नाही? मग! अगं बारा-बिरा काही नाही, आज पूर्ण चंद्र आहे, तो हिशेब तुला मी दिलाच नाही कधी. सांगते, सगळं सांगते, आधी चाल. तिचा हात धर, बूट काढून टाकायला सांग, डाव्या कानात ओरड. हो. हो, माहीत होतं. दारात माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही. दे शिव्या, दे, हव्या तेवढ्या दे, पण चालता चालता दे, थांबून नको. लागली का घळ? अगं बोल. बोलत राहा –

तुम्ही काय ऐकताय उभ्या राहून? सरका जरा तिकडे. मिळेल तुमचा फोन, त्या दोघी वर चढेपर्यंत नाही मिळणार. जावाजावांचं बोलणं आहे हे.