अंबाडीचं वाण

अंबरीश : आई, ह्यांचे शेंडे कुठे गेले?

वासंती : आधी ती बॅग तर खाली ठेवा, अंबरीशराव. एनस्खेडेच्या दौऱ्यावरून आलात ते बूटही न काढता तडक माळ्यावर! माझ्या लेकीची विचारपूस नाही, सासूची नाही.

अंबरीश : अपूर्वा ऑफिसात आहे, तुम्ही समोर उभ्या आहात. आई, ही चार झाडं. मी आठवड्यापूर्वी गेलो तेव्हा चारींना शेंडे होते. आता तिघांना नाहीत!

वासंती : खुडले मी, तुम्ही गेलात त्याच दिवशी.

अंबरीश : खुडले?

वासंती : नखानं. बघा तरी जवळून! खाली बगलेत कसे टरारून फुटवे आलेत. तुम्ही आपले फांद्या दोऱ्यांनी ताणून बांधत बसता. अहो, शेंडा खुडल्याशिवाय झाड पसरतंय होय? बार्शीला आमच्या हरभऱ्यात शिरलं की आधी शेंडे खुडायचे. पोरीबाळींचं कामच ते. हात आंबेपर्यंत खुडायचं, अन् वाळवल्यावर वर्षभराची भाजी घरात.

अंबरीश : अरे, खरंच की! दोन्हीकडून फुटलंय. ह्यालाच टॉपिंग म्हणतात, आई! मी महिनाभर व्हिडिओ बघतोय. कात्री स्पिरिटनं पुसून हातात घ्यायचो आणि धीर व्हायचा नाही.

वासंती : शेंड्याला कसला धीर लागतो?

अंबरीश : पण ह्या कडेच्याला काय झालं? फांदी चिरलीय.

वासंती : ते... तुमचं बघून मीही वाकवायला गेले. कट्‌कन वाजलं. रागावू नका.

अंबरीश : नाही हो. एकदम नाही वाकवायचं, रोज थोडं थोडं. थांबा, टेप गुंडाळतो. आठवड्यात सांधेल. हं, धरा इथं... बास. आणि खुडलेले शेंडे कुठायत?

वासंती : हां! तेच सांगायला मी कालपासून तळमळतेय. वाटले!

अंबरीश : म्हणजे?

वासंती : वाण दिलं. काल अपूर्वाच्या मैत्रिणीकडे, स्नेहलकडे हळदीकुंकू होतं ना, ॲमस्टरडॅमच्या त्या टोकाला, बुइटनव्हेल्डर्टला. गाडी घेऊन मला न्यायला आली होती गुणाची पोर.

अंबरीश : आई, काय वाण दिलंत? नीट सांगा.

वासंती : अहो, हेच. अंबाडीचं रोप. दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवलेच होते मी. माती भरली, एकेक शेंडा खोचला, वर लाल कागद. स्नेहल, रूपाली, यामिनी. शेंडे तीनच होते, बायका पण तीनच. देवानंच मोजून दिलं म्हणायचं.

अंबरीश : बसतो मी जरा.

वासंती : अहो, चेहरा का असा झाला तुमचा?

अंबरीश : आई, ही अंबाडी नाहीये.

वासंती : पान तर तेच. हाताच्या पंजासारखं. अन् आल्या दिवशी मी विचारलं, अंबाडी का हो? तर तुम्हीच हो म्हणालात.

अंबरीश : म्हणालो. चुकलं माझं. सासूबाई पहिल्यांदा घरी आल्यात, त्यांना काय सांगणार? हा गांजा आहे.

वासंती : देवळामागं बैरागी ओढत बसतात, तो?

अंबरीश : तोच. इथं घरापुरती चार-पाच झाडं असली तर पोलीस सहसा लक्ष घालत नाहीत. अपूर्वाला माहितीये. मला ओढण्यापेक्षा वाढवण्याचाच नाद आहे, शपथ. पण लोकांच्या घरी न सांगता... रूपालीकडे लहान मुलं आहेत. आणि त्यातल्या एकीनं लसूण घालून परतली म्हणजे?

वासंती : अगं बाई! मीच सांगितलंय त्यांना, वाढली की तांदळाच्या कण्या घालून शिजवा म्हणून!

अंबरीश : उठा. गाडी काढतो. तिन्ही डबे परत घेऊन येऊ.

वासंती : नाही.

अंबरीश : नाही काय?

वासंती : दिलेलं वाण परत मागत नाहीत.

अंबरीश : आई, हे वाण नाही, गांजा आहे!

वासंती : तुमच्या लेखी असेल. अंबरीशराव, तुमचे सासरे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. बोलावलं तरी मी आत. दूध गाळायचं, तिळगूळ बशीत काढायचा, बाहेर हसणं ऐकू यायचं. कालसुद्धा मी आपली उठून ओट्याशी गेले. तर ती स्नेहल ताट घेऊन मागून आली. म्हणाली, मावशी, कपाळ पुढं करा. मी म्हटलं, अगं, मला कसं चालेल? तर म्हणाली, माझ्या घरी चालतं.

अंबरीश : हे अपूर्वाला सांगितलंत?

वासंती : अजून नाही. तोंडातून शब्द निघाला तर रडूच यायचं. मग मी पिशवीतनं डबे काढले. नेले होते खरे, पण द्यायचं धाडस नव्हतं. एकेकीच्या ओंजळीत दिले. अन् आता दारात जाऊन म्हणू, द्या माझं परत?

अंबरीश : बरं. मागायचं नाही. पण सांगायला तर हवं ना? मी स्नेहलला फोन लावतो. भाजी करू नका, एवढंच म्हणतो.

वासंती : लावा. स्पीकरवर. अन् दोष माझ्यावर घालायचा, कळलं? म्हातारी आंधळी आहे म्हणायचं.

स्नेहल : बोला अंबरीश! मावशी पोचल्या ना नीट काल?

अंबरीश : हो हो. स्नेहल, ते वाण... म्हणजे ते रोप. ते जरा वेगळं निघालंय. माझी चूक. तर प्लीज ती भाजी—

स्नेहल : भाजी? अहो, मी पंधरा वर्षं ॲमस्टरडॅममध्ये राहते! रोज सायकलनं गांजा विकणाऱ्या ज्या कॉफीशॉपसमोरून जाते त्याच्या पाटीवर हेच पान आहे, हिरव्या दिव्यांत!

अंबरीश : म्हणजे तुला कळलं होतं?

स्नेहल : सगळ्यांना! कागद बाजूला झाला आणि रूपालीचं तोंड असं उघडलं, यामिनीनं तिला चिमटा काढला. मावशी दोन्ही हातांनी पुढं करत होत्या हो. कोण नाही म्हणणार? घरी नेलं, हळदीकुंकू वाहिलं.

अंबरीश : आणि आता?

स्नेहल : रूपालीनं न्हाणीघरात उंच फळीवर ठेवलंय, पोरांचा हात पोचत नाही तिथं. माझं पुढच्या खिडकीत होतं. येणारेजाणारे थांबून बघायला लागले, तर नवऱ्यानं आज चक्क पडदा आणून लावला. इथं खिडक्यांना पडदे लावायची पद्धतच नाही, ह्या घरातला पहिला पडदा! मावशींना सांगू नका हं, वाईट वाटेल.

वासंती : मावशी ऐकतायत.

स्नेहल : अगं आई गं! मावशी...

वासंती : पाणी बेतानं घाल बाळा. नवा शेंडा आहे, कुजेल. ठेवते.

अंबरीश : आई, हसताय की रडताय?

वासंती : दोन्ही. तिघींनाही ठाऊक होतं, अन् एकीनंही नाही म्हटलं नाही!

अंबरीश : एकीनंही नाही.

वासंती : चला, उठा. ह्या चौथ्याचा शेंडा राहिलाय. आज तुम्ही खुडायचा. कात्रीबित्री नको. वरून दोन पेरं सोडा... हं, इथं. नख लावा.

अंबरीश : इथं?

वासंती : तिथंच. डोळे मिटू नका, जावईबापू, झाड आहे ते!

अंबरीश : निघाला! आई, निघाला! एका नखात! आता हाही डब्यात लावणार असाल तर—

वासंती : लावणार. टाकून कसा द्यायचा? हा घरातच राहील, झालं? द्या इकडे.

अंबरीश : थांबा, आधी कपाळ पुसा. मातीचा हात लागलाय तुमचा. नाही, माती नाही... कुंकू आहे. कालचंच राहिलंय वाटतं.

वासंती : माहितीये मला. सकाळी तोंड धुतलं ते तेवढं सोडून.