नदीले दोनदा मोजत नाई

मी डोमा, जातीचा ढिवर. मार्कंड्याच्या देवळाखालच्या अंगाले आमचा दहा-बारा घरांचा टोला हाय, तिथचा. आजा मच्छी मारे, बाप मच्छी मारे, मीबी तेच, पावसाळ्यात डोंगा चालवाचा, लोकायले या थडीहून त्या थडीले न्याचं, अन् पानी उतरलं का जाळं घ्याचं. शाळा पाह्यली नाई गुरुजी. पोहनं कवा शिकलो म्हनाल तं चालनं कवा शिकलो तेबी कोनाले आठवते.

तुमी इचारलं का उद्या शिवरात्र, घरच्या बाईले आंगोळीले आनू का, पानी कसं हाय. चांगलं हाय पानी. पुसात आलं असतं तं नाई म्हनलो असतो, पुसातलं पानी चावते, हाडाले झोंबते. पन माघ उतरला, पळस फुलला का नदी बसते, वरून कोमट, खालून गार, तळाची रेती साफ दिसते. पोहाचे दिवस म्हनाल तं हेच दीड महिना, मंग चैत-वैशाखात नदीची नाली होते अन् मिरगानंतर तं नावच नका घेऊ. पन एक गोष्ट हाय. इथी नदी उलटी वळते, उत्तरेले जाते, म्हनून तं तीर्थ, अन् वळते म्हनूनच बदमाशबी हाय. एका अंगाची रेती खाते, दुसऱ्या अंगाले टाकते, काल गुडघाभर होतं तिथी आज पुरुषभर. वरून काई समजत नाई, पानी तसंच हसून राह्यते.

म्हनून तं आमचं काम. जत्रेच्या दोन दिवस आधी आमच्यातला एक जन सकाळी उपाशी नदीत उतरते, पायानं तळ चाचपत चाचपत जाते, अन् जिथून खोल लागते तिथी बांबूच्या काठ्या रोवते, वर लाल चिंधी. त्या काठ्यायच्या अलीकडं आंगोळ करा, पलीकडं जाऊ नका, असं ते. मंग थडीवर येऊन हळद-कुकू वाहाचं, नारळ फोडाचा, अन् एकदा नारळ फुटला का काम संपलं, मंग जत्रा उठेपावतो मोजाले पाय टाकाचा नाई. नदीले दोनदा मोजत नाई. बाप सांगे, अबे मायनं ताटात वाढलं का आपून पुन्हा मोजून पाह्यतो का, का किती वाढलं, तं हे तसंच, दोनदा मोजलं म्हनजे मायवर शक घेतला. बापामागून हे काम माह्याकडं आलं. मोठा मान होता गुरुजी, पोट्ट्यापासून म्हाताऱ्यापावतो सारे म्हनत, डोमाच्या काठ्या हायेत ना, मंग भेव नाई.

आता जाईचं सांगतो. जाई माही घरवाली. राजुऱ्याकडची, तवा तो निजामाचा मुलुख होता, तीन दिवस बंडी हाकली तवा वऱ्हाड पोचलं. तेबी ढिवरच, पन तळ्याचे ढिवर. तळ्याचं पानी म्हनजे दावनीले बांधली म्हैस, जिथी सोडून जाल तिथीच भेटन. तिले नदीचं लय भेव. अन् बोलाची किती म्हनता, काय सांगू तुमाले, चूल फुकताना बोले, जाळं शिवताना बोले, मी झोपलो तरी बोले. म्हने, तुमची नदी भटकी हाय, घरात राह्यत नाई, अशा बाईच्या भरोशावर तुमी पोट भरता का. मी म्हनो, अवो, तुह्या तळ्यात शेवाळ खाऊन राह्य मंग. असं आमचं चाले. लेकरू नोहतं झालं, तं आमीच एकमेकाचे लेकरं.

मंग एका साली म्यां ठरवलं का हिले पोहनं शिकवाचं. सुकल्या भोपळ्याले दोर बांधला, तिच्या पाठीले बांधला, अन् दुपारच्यानं पानी कोमट झालं का घेऊन जाओ. पयले आठ दिवस माह्या गळ्यालेच लटकून राह्यली. मंग सुटली. चार हात जाय अन् वरडे, पाह्यलं का हो, पाह्यलं का. पाह्यलं म्हनलं बाई, साऱ्या गावानं पाह्यलं. ते दिवस आठवले का आताबी हसू येते मले, अन् मंग बोलाले कोनी नाई हे ध्यानात येते.

ज्या थंडीत आमी पयल्यांदा मत टाकलं, बोटाले शाई लागली, त्याच थंडीची शिवरात्र. म्यां काठ्या रोवल्या, नारळ फोडला. त्याच दिवशी सांजच्यानं वरतं, भंडाऱ्याच्या अंगाले, आभाळ गरजलं. आमच्या इथी थेंब नाई पडला. पन दुसऱ्या दिवशी सकाळी थडीवर गेलो तं ओल्या रेतीवर फेसाची रेघ, चार बोटं वर. म्हनजे कवातरी पानी चढलं अन् उतरलं. चार बोटंच. पन आमाले ठाऊक असते, चार बोटं चढते तवा खालून काय काय नेते. माहे पाय शिवशिवून राह्यले. धोतर खोचलं म्यां गुरुजी, खोटं नाई बोलत, घोट्यापावतो पान्यात गेलो. तं थडीवर म्हातारे बसले होते, त्यातला एक म्हने, का गा डोमा, नदीची चोरी पकडाले चालला का. बाकीचे हसले. मीबी हसलो अन् बाहेर निंगालो.

घरी आलो तं जाई म्हने, पाय ओले कसे. सांगितलं फेसाचं. म्हने, मंग पुन्हा मोजून या ना. म्यां म्हनलं, मोजलं म्हनजे मोजलं, तुह्या तळ्याची अक्कल इथी नको शिकवू. ते चूप बसली. तिच्या साऱ्या जिंदगानीत तेवढीच एकदा चूप बसली असन.

शिवरात्रीले पहाटपासून लोकं. बंड्याच बंड्या, रेतीत पाय ठेवाले जागा नाई. मी पलीकडच्या थडीहून डोंग्यानं लोक आनून राह्यलो होतो. जाईच्या माहेरच्या दोन बाया आल्या होत्या, त्यायले पान्याचं भेव, घोट्यापुढं येईनात. हे मले मागून त्या बायायनं सांगितलं. जाई म्हने, या वो, काई नाई होत, माह्या मानसानं काठ्या रोवल्या हायेत. अन् एकीचा हात धरून म्होरं झाली. काठीच्या अलीकडं होती गुरुजी. अलीकडं. दोन हात अलीकडं. खालची रेती कोरली होती, पाय टाकला अन् गेली. पन त्या बाईचा हात सोडून देल्ला तिनं, तिले वढलं नाई. भोपळा घरी खुटीले होता.

आरडाओरड आयकून म्यां डोंगा सोडला, उडी टाकली, पन तवा मले ठाऊकबी नोहतं का कोन हाय. तीन डाव बुडी मारली. खालच्या वळनावर भेटली. म्यांच बाहेर आनली.

आता आयका, मंग काय झालं ते. कोनीच मले काई म्हनलं नाई. म्हने, शिवरात्रीले गेली, देवाच्या दारात गेली, सोनं झालं बाईचं. म्हने, मायनं आपली लेक नेली, तू काय करशीन. तिचा बाप आला राजुऱ्याहून, थकला मानूस, तीन दिवस बंडीत बसून. मले वाटलं हा तरी मारन. एक थापड मारन, पायातलं काढून मारन. तो माह्या जवळ बसला अन् म्हने, जवाई, तुमचा दोष नाई, जेवा दोन घास. त्या फेसाची गोठ माह्या तोंडापावतो आली अन् तिथीच राह्यली. आजपावतो राह्यली. ज्या मानसाले लोकं शिव्या देतेत त्याले बोलाले तरी भेटते, माफ केलेल्या मानसानं कोनाशी बोलावं.

दुसऱ्या साली म्यां दोनदा मोजलं. नारळ फुटल्यावर साऱ्यायच्या म्होरं पान्यात गेलो, दोन काठ्या उपटून अलीकडं घेतल्या. म्हातारे भडकले, जातीची बैठक बसली, म्हने डोमाचं डोकं फिरलं, काठ्या आता चुलतभावाकडं. देल्ल्या म्यां. भांडलो नाई. चुलतभाऊ चांगला हाय, तो एकदाच मोजते.

म्हनून मी आता काठी रोवत नाई, मीच उभा राह्यतो. जत्रेच्या दिवशी लोकं येन्याच्या आधी उतरतो, पायानं चाचपत जातो, अन् जिथून खोल लागते तिथी छातीभर पान्यात दिवस बुडेपावतो उभा. मोजाले नाई गेलो, नुसता उभा हाय, तं म्हाताऱ्यायले बोलता येत नाई. सकाळी दात वाजतेत, दुपारी बरं वाटते, सांजच्यानं पाय लाकडाचे होतेत. पन पायाखालची रेती सरकली का मले समजते, मी दोन पावलं अलीकडं येतो. काठीले सरकता येत नाई, मले येते. बाया माह्या अंगावर फूल टाकतेत, नवस बोललेला बुवा हाय म्हनतेत, पोरं पायाशी आनतेत. काय सांगू त्यायले. सात शिवरात्री झाल्या, एका मानसाले नाई सांगितलं. तुमी परगावचे, आज हाय उद्या बदली होऊन जान, म्हनून तुमाले सांगून देल्लं. अन् तुमी मले, दोष नाई तुहा, असं म्हनू नका. तेवढं नका म्हनू.

उद्या येजा गुरुजी. बाईलेबी आना, पानी चांगलं हाय, ऊन निंगाल्यावर आना म्हनजे थंडी नाई वाजत. मी उभा दिसन तिथी थांबजा, माह्या पुढं एक पाऊल येऊ नका. अन् तिले सांगून ठेवजा, मले हात जोडू नको म्हना.