गायचं की थांबायचं

काका : …मग डॉक्टरांचा बंगला, मग नव्या वसाहतीतली चार घरं, आणि शेवट इथे. तुझ्याकडे.

लेक : इथे नाही.

काका : ऐकून तरी घे. गाण्यांच्या फेरीत शेवटचं घर म्हणजे मानाचं घर. दादा गेल्यानंतरचा पहिला नाताळ. सगळी मंडळी अंगणात अर्धगोल उभी राहणार, मधोमध दादाचा फोटो, आणि मी दोन शब्द बोलणार.

लेक : तुमचे दोन शब्द मला माहीत आहेत, काका. बाबांच्या अंत्यविधीलाही तुम्ही दोनच शब्द बोलायला उभे राहिला होतात. शेवटी पाळकांनी ‘आमेन’ म्हणून तुम्हाला खाली बसवलं.

आत्या : खरं आहे. माझे पाय सुजले होते त्या दिवशी.

काका : तू तिची बाजू घेऊ नकोस.

आत्या : मी माझ्या पायांची बाजू घेते आहे.

लेक : या पिशवीत काय आहे?

काका : टोप्या! लाल. सगळ्यांना एकसारख्या. तुझी मुद्दाम वेगळी काढून ठेवलीय. हिचा गोंडा बघ केवढा आहे.

लेक : छान. सर्कशीचा तंबू कुठे ठोकणार आहात? जनावरं आली का?

काका : चेष्टा कर. दादाच्या वेळेला एक कंदील आणि वीस मफलर. अंधारात लोकांना वाटायचं, दरोडा पडला. यंदा आपण दिसणार. आणि ऐकूही येणार, कारण दुकानातला मोठा स्पीकर घेतोय. मागे वाद्यं वाजतील, आपण नुसतं बरोबर म्हणायचं.

लेक : म्हणजे गाणार यंत्र आणि तोंडं हलवणार तुम्ही. तीस वर्षं बाबांनी तुम्हा लोकांना सूर शिकवला. तुमच्या दुकानात दुरुस्तीला पडलेला एखादा रेडिओसुद्धा तेवढ्या वेळात शिकला असता.

आत्या : बापाची जीभ. हुबेहूब.

काका : जीभ घेतली, सूर नाही घेतला. ही कुठे गायला आली कधी? ग्रंथालयात बसून पुस्तकांना क्रमांक घालते, आणि आम्हाला गाणं शिकवते.

लेक : मी गात नाही, म्हणून मला बेसूर कळत नाही असं नाही. असो. तुम्ही टोप्या घाला, स्पीकर लावा, डॉक्टरांच्या कुत्र्याला शुद्ध हरपेपर्यंत ऐकवा. या दारात मात्र गायचं नाही. नियम आहे.

काका : कसला नियम?

लेक : विसरलात? ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरासमोर गायचं नाही. कंदील जमिनीवर ठेवायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुढे जायचं. बाबांचाच नियम. कुणी खोकलं तरी ते वळून बघायचे.

काका : बघायचा कसला, जाळायचा डोळ्यांनी. दोन मिनिटं थंडीत उभं राहायचं मुक्यासारखं! एकदा माझ्या खिशात किल्ल्या वाजल्या तर फाटकापर्यंत शिव्या.

लेक : आणि आता त्यांच्याच दारात तुम्ही तो नियम स्पीकर लावून मोडणार. त्यांना जाऊन अडीच महिने झालेत, काका. मला या घरात अजून भांडं ठेवलं तरी फार आवाज झाला असं वाटतं. एवढी दोन मिनिटं गप्प राहणं जमणार नाही तुम्हाला?

आत्या : त्या नियमाचं काय झालं होतं, माहीत आहे का तुला?

लेक : काय व्हायचंय?

आत्या : तुझी आई गेली त्या वर्षीचा नाताळ. तू आली नव्हतीस.

लेक : परीक्षा होत्या.

आत्या : नाताळात परीक्षा नसतात. मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलत नाही. तर त्या वर्षी दादा घरात बसला होता. मंडळी याने आणली होती.

काका : मीच पुढे होतो. अगदी नियमाने केलं गं सगळं. कंदील खाली ठेवला. सगळे माना खाली घालून उभे. एक मिनिट झालं असेल नसेल, धाडकन दार उघडलं. दादा! बाह्या वर केलेल्या, हाताला साबणाचा फेस. भांडी घासत होता.

लेक : मग?

काका : म्हणाला, “काय रे? मेलात का सगळे?”

आत्या : पुढचंही सांग.

काका : “गायला आलात की मला न्यायला आलात?” असंही म्हणाला. आता बोल. त्याचाच नियम, आणि आमच्यावरच ओरडतोय.

लेक : मग गायलात?

काका : कसं गाणार? सुरुवात तोच करून द्यायचा. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग त्यानेच सुरू केलं, उंबरठ्यावर उभा राहून. एकटाच. एक ओळ झाली. दुसरी ओळ वहिनी घ्यायच्या, तुला आठवत असेल. तिथे तो थांबला. आम्हीही थांबलो. कुणाला ती ओळ उचलता येईना.

आत्या : मलाही नाही. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली, माणसं मरताना हात धरले. पण ती एक ओळ नाही म्हणता आली.

काका : मग म्हणाला, “एका बाईवाचून वीस जणांचं गाणं अडतं? चालते व्हा.” आणि दार लावून घेतलं.

लेक : पुढच्या वर्षापासून नियम परत चालू झालाच ना? मी स्वतः पाहिलंय. बेकरीवाल्याची बायको गेली त्या वर्षी मी आले होते. त्याच्या दारात सगळे गप्प उभे होते.

काका : तेच तर. मलाही तेच वाटत होतं. परवा मी यादी घेऊन बेकरीत गेलो. म्हटलं, येतोय हो तुमच्याकडे, कितीची वेळ बरी? तो पीठ मळता मळता म्हणाला, “दादांनी वेळ नव्हती विचारली.” म्हटलं, मग काय विचारलं? तर म्हणे, बायको गेली त्या वर्षी दादा आदल्या दिवशी सायकलवरून आला. आत नाही आला, चहा नाही घेतला. दारात उभा राहून एवढंच विचारलं, गायचं की थांबायचं? बेकरीवाला म्हणाला, थांबा. म्हणून आपण थांबलो.

लेक : म्हणजे…

आत्या : म्हणजे प्रत्येक घरी विचारायचा. शाळेच्या शिपायाची आई गेली तेव्हा त्यालाही विचारलं असणार, कारण तिथे गायलो होतो आपण. आठवतं? आम्ही म्हटलं, याने इथे नियम कसा मोडला. मोठा माणूस आहे, मोडत असेल. विचारायचं डोकं एकालाही नव्हतं.

लेक : कुणालाच सांगितलं नाही त्यांनी?

काका : दादा आणि सांगणार? त्याला वाटायचं, आपल्याला जे कळलं ते जगाला जन्मतःच कळायला हवं. नाही कळलं की गाढव म्हणायचा.

लेक : बरोबरच म्हणायचे. मग तुम्हाला परवा कळलं ना? आज आल्या आल्या विचारलंत मला? डॉक्टरांचा बंगला, अर्धगोल, गोंडा. यात प्रश्न कुठे होता?

काका : विचारायलाच आलो होतो. रस्त्यात दोनदा म्हणूनही पाहिलं. हिला विचार.

आत्या : पुलावर एकदा म्हणाला. मग परत एकदा.

काका : दार उघडलंस तर तुझ्या अंगात त्याचा स्वेटर. कोपराला तेच भोक. मग तोंडातून भलतंच निघालं. टोप्याच निघाल्या.

आत्या : आता विचार की, गाढवा. सहाला मंडळी जमतील शाळेपाशी.

काका : गायचं… गायचं की थांबायचं, बाळ? तू म्हणशील तसं. खरंच.

(आत्या एकेक टोपी घडी करून पिशवीत भरते.)

लेक : तो स्पीकर इथे आणायचा नाही.

काका : दुकानात ठेवतो.

लेक : फोटो नको.

काका : नको.

लेक : दोन शब्द?

काका : एकही नाही. शपथ.

आत्या : मी शेजारी उभी राहीन. तोंड उघडलं तर चिमटा काढेन.

लेक : मी बाहेर येणार नाही. मला बोलवू नका, दार वाजवू नका. आईची ओळ कुणाला जमली नाही तर तिथे नुसतं थांबा, आणि पुढची म्हणा. त्यावरून मागाहून रडारड करायची नाही.

काका : बरं.

लेक : मी या खोलीत बसेन. खिडकी उघडी ठेवते.

आत्या : थंडी येईल गं घरात.

लेक : येऊ दे.