एकशे पंधरावरचं बटण

जमलेल्या बंधू-भगिनींनो, छायावहिनी,

सुखदेवच्या या शोकसभेत मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. माईक मीच मागितला.

आतापर्यंत चार जण बोलले. सुखदेव सज्जन होता, म्हणाले. मग या सज्जन माणसाचं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान बंद कसं पडलं, ते एकानंही सांगितलं नाही. मी सांगतो. मी बंद पाडलं.

शाळेत पहिला कॉम्प्युटर आला होता. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज दीडशेवर यायचं आणि कॉम्प्युटर बंद पडायचा. सुखदेवनं खोलून बघितला. म्हणाला, "गुरुजी, थोडंसं कमी-जास्त झालं त आतला वीज देणारा डबा, सप्लाय, आपला आपण सांभाळून घेते. एवढं कमी असन त बंद ठेवा. पण मागच्या लाल बटनाले हात नका लावू."

बटण दोनशे तीसवर होतं. दुसऱ्या बाजूला एकशे पंधरा. मला वाटलं, वीज कमी, तर आकडाही कमी करावा. सरकवलं. आणि कॉम्प्युटर चालला! टीव्हीवाल्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मी पोरांसमोर बोललोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पंप थांबले. वीज पूर्ण दाबानं आली. मोठा आवाज झाला, मग धूर. सुखदेव धावत आला, वाकून मागून बघू लागला.

मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणालो, "काल यानंच खोललं होतं. चांगले पार्ट काढून घेतले यानं." आणि तुम्ही काय केलं? एकानं तरी त्याला विचारलं? विलासभाऊ, तुम्ही त्याच संध्याकाळी आपला टीव्ही त्याच्या दुकानातून उचलून आणला. आज सगळ्यात मोठा हार तुमचाच आहे.

सात वर्षं त्यानं गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती वाहिली. परवा पाठीवर पोतं असतानाच गेला.

मागच्या महिन्यात मी मिलच्या फाटकावर त्याला गाठलं. कबूल केलं. तो हसला. "आता काऊन सांगून राहिले गुरुजी? मले त तवाच मालूम होतं. बटन एकशे पंधरावर दिसलं. मीच वापस सरकवलं. नवा सप्लाय बसवतीन, त तो बी जळन म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्यासमोर माह्यं कोणी आयकलं असतं का?"

नसतं ऐकलं. वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे. इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून मी तुम्हाला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगणार नाही. आपण सात वर्षं गप्पच होतो.

रस्त्यात भेटला की तो "जय भीम, गुरुजी" म्हणायचा. मी नुसती मान हलवायचो.

सुखदेव, जय भीम.