मास्तर काय म्हणाले होते

मास्तरांचे विद्यार्थी? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! मी आपला कडी न काढता फटीतून बोलतोय तुमच्याशी, कुणी सुया-दोरे विकायला आलंय असं समजून. या, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, ती फक्त माझं ऐकते. इथे बसा, खिडकीपाशी. खाली सायकलवाल्याची ठोकाठोक चालूच असते, तेव्हा जरा मोठ्याने बोलावं लागेल — म्हणजे मला. तुम्ही काही फार बोलणारे दिसत नाही. बरंच आहे म्हणा. मी तीस वर्षं दुसऱ्यांचंच बोललो, आज कुणी माझं ऐकून घेणार असेल तर नाही कशाला म्हणू?

तर उद्याचं विचारायला आलात. उद्या बंदरावरच्या गोदामात जगाच्या सभेचे पाहुणे येणार, तीन खुर्च्या मांडणार आणि लोकांना विचारणार — बाबांनो, हे समुद्रापलीकडचं राज्य राहू द्यायचं, की तुमचं तुम्ही बघता? आता लोक बोलणार आपल्या भाषेत, पाहुण्यांना कळते राज्यकर्त्यांची भाषा, म्हणजे मधे दुभाष्या हवा. कचेरीतला नवा दुभाष्या आपल्या लोकांच्या समितीला नको, म्हणून तुम्हाला माझ्याकडे धाडलं — असंच ना? मान हलवलीत. अहो, पण मी कसा चालेन तुम्हाला? बारा वर्षांपूर्वीचं ठाऊक असून? — ठाऊक नाही? मास्तरांचे विद्यार्थी आणि ठाऊक नाही? मग लहान असाल तेव्हा. हं.

सांगतो. लपवून काय करायचंय आता. तेव्हाही असेच पाहुणे आले होते. सभेच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब कधी ओरडून बोलत नसत हो, हीच तर पंचाईत. म्हणाले, "दुभाषे, तुमचे मास्तर जरा खडबडीत बोलतात. पाहुण्यांच्या कानाला कुसळ लागायला नको. तुम्ही आपला रंधा मारा थोडा." एवढंच. खोटं बोला, असं नाही म्हणाले. रंधा मारा! आणि लगेच, त्याच दमात, "तुमच्या बाईंच्या पोटातल्या गाठीचं काय झालं? पलीकडच्या इस्पितळात न्यायचा परवाना माझ्या टेबलावर आलाय वाटतं." मी होय म्हणालो. कशाला होय म्हणालो? परवान्याला की रंध्याला? दोन्हीला. एकाच होयमध्ये दोन्ही बसलं.

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. गोदीतले हमाल, जाळी विणणाऱ्या बाया, शाळेची पोरं वरच्या तुळयांवर चढून बसलेली. पाहुण्यांच्या प्रमुखाला सर्दी झाली होती, सारखा रुमाल नाकाला. त्याने विचारलं — आपला कारभार आपण करायची तुम्हा लोकांची तयारी झाली आहे का? मी ते सांगितलं. सरळ सांगितलं, प्रश्नाला काही रंधा लागत नव्हता. मास्तर उठले. तुम्हाला आठवत असतील ना ते, उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम खडूची पूड? उठले आणि म्हणाले — अजून पाठ आहे मला, एक कानामात्रा इकडचा तिकडे नाही — "छातीवर बसलेल्या माणसाने खालच्याला विचारू नये, की तुझी उठायची तयारी झाली का. आधी त्याला खाली उतरवा. मग बघा आम्ही उठतो की नाही. आणि हे आम्हाला आज हवंय. थोडं नको, पुढे नको. आज, सगळं." हमालांनी अशी आरोळी ठोकली की छपराचे पत्रे थरथरले. आणि सगळं गोदाम वळलं माझ्याकडे. आता दुभाष्या बोलणार! मी घसा साफ केला आणि पाहुण्यांना म्हणालो — लोक कृतज्ञ आहेत. स्वतःच्या पायावर उभं राहायची त्यांची फार इच्छा आहे, पण त्यासाठी त्यांना अजून अवधी हवा.

झालं. सर्दीवाल्याने समाधानाने मान डोलावली. मास्तरांना वाटलं, पोचलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या, लोक टाळ्या वाजवतायत म्हणून पाहुण्यांनी वाजवल्या — दोन्ही बाजू खूश. मास्तर खाली बसताना माझ्याकडे बघून हसले हो. आभार मानल्यासारखे. ते हसणं — जाऊ द्या.

आठ महिन्यांनी पाहुण्यांचा अहवाल छापून आला. त्यात काय? लोकांनी स्वतःच अवधी मागितला आहे, सबब बारा वर्षांनी पुन्हा विचारावं. बारा वर्षं! पाळण्यातल्या पोराला मिसरूड फुटायला येतं तेवढ्यात. लोकांना वाटलं पाहुणेच फितले. पण मास्तर? त्यांनी कुठूनसा तो अहवाल मिळवला, शब्दकोश घेतला आणि एकेक शब्द लावत बसले. ज्या माणसाला ती भाषा येत नव्हती, त्याने दोन महिन्यांत ते एक पान वाचून काढलं. आणि आले इथे, याच खोलीत. बसले नाहीत. पान माझ्यापुढे धरलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मी म्हणालो होतो का?" मी म्हटलं, मास्तर, छापताना चूक झाली असेल. ते म्हणाले, "बरं. मग मी पाहुण्यांना पत्र लिहितो, चूक दुरुस्त करा म्हणून." आणि शांतपणे जिना उतरून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना शाळेतून नेलं, भर वर्गातून. फळ्यावर अर्धा शब्द लिहून झाला होता म्हणतात. कैद्यांच्या बेटावर धाडलं, असं ऐकलं. मग तेही ऐकू येईनासं झालं. साहेबांना पत्राची गोष्ट कुणी सांगितली, देव जाणे. गावात चहाड्या करणारे काय कमी होते?

बायको इस्पितळातून बरी होऊन आली. धडधाकट. वर्षभरात त्या पानाची गोष्ट गावभर झाली, पाणवठ्यावर तिला बायकांकडून कळलं. घरी येऊन घागर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या पोटातली गाठ काढायला तुम्ही अख्ख्या गावाच्या गळ्यात गाठ मारलीत." त्यानंतर सहा वर्षं जगली, पण माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ द्या, दार लावा. आणि मीही काय सांगणार तिला? साहेबांनी त्या दिवशी मला बसा सुद्धा म्हटलं नाही, नुसतं कागदावरून डोळे वर केले आणि म्हणाले, "बरं केलंत, दुभाषे, वेळेवर आलात" —

काय? कुठल्या दिवशी? — कुठल्या म्हणजे — असं बघू नका हो माझ्याकडे. बरं. हो. मीच गेलो होतो. चार शब्द बोललो, "साहेब, मास्तरांना सगळं कळलंय." चारच. मला वाटलं, दम देतील, शाळा काढून घेतील, फार तर दुसऱ्या गावी बदली करतील. असं वाटलं, की वाटून घेतलं? मला भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाला जे सोयीचं असतं तेच वाटतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही असे गप्प बसता ना, की माणसाला बोलत राहावंसं वाटतं.

म्हणून म्हणतो, उद्या मी नको. — नाही, ऐका तरी. समितीला सांगा, काळजी करू नका. उद्या दुभाष्या लागणारच नाही! आता सांगूनच टाकतो, तुम्ही तर घरचेच. मास्तरांची धाकटी बहीण ठाऊक आहे ना, छापखान्यात खिळे जुळवते ती? सरकारी पत्रकं त्याच छापखान्यात छापतात. दहा वर्षं पोरगी शिशाची उलटी अक्षरं जुळवत राहिली, आणि त्या उलट्या अक्षरांतून ती भाषा शिकली. लिहिते फर्डं. फक्त उच्चार! उच्चार कुठून येणार, कधी कुणी तिच्याशी बोललंय थोडंच? तर चार महिन्यांपूर्वी आली इथे. मी दार उघडलं आणि बघतो तर डोळे अगदी भावाचे. म्हणाली, "माझ्या भावाची वाक्यं तुम्ही बिघडवलीत. आता माझे उच्चार सुधारा." बस्स. शिव्या नाहीत, रडणं नाही. आत आली आणि वही उघडून बसली.

तेव्हापासून रोज येते. पहिला महिना तिने माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा हसली, एका शब्दावर दोघांचीही जीभ अडखळली म्हणून. परवा तर जाताना म्हणाली, "काका, येते." काका! अहो, मी दार लावलं आणि इथेच भिंतीला टेकून उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. आता तिचं भाषण असं झालंय ना, डोळे मिटून ऐकलंत तर वाटेल पलीकडच्याच कुणी बाई बोलतायत. उद्या ती उठणार, थेट पाहुण्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांच्या भाषेत बोलणार. मास्तरांचीच वाक्यं, आणि त्यांना नेलं त्याचं सगळं, तारीखवार. मधे कुणी नाही. रंधा नाही, काही नाही. कचेरीतल्या कुणाच्या स्वप्नातही नाही हे! त्यांना वाटतंय खिळे जुळवणारी मुकी पोर. समितीतही दोघांनाच ठाऊक आहे. — तुम्हाला धरून तीन, हो.

वही? ही काय, उशीखाली. बघा ना, बघा. अक्षर बघा कसं छापल्यासारखं आहे. दुसरी प्रत नाही, तिने मुद्दाम केली नाही. आज शेवटची तालीम. चार वाजता छापखाना सुटला की येते, मागच्या जिन्याने, पुस्तकं बांधणाऱ्याच्या चौकातून. पुढून कधीच येत नाही, हुशार आहे. आता किती वाजले? चार वाजून गेले? मग थांबा की, भेट होईल. मास्तरांचा विद्यार्थी भेटल्यावर तिला किती — अहो, वही इकडे द्या. कोटात कशाला ठेवताय? समितीला दाखवून आणायची असेल तर तिला विचारून — नाही, माझी हरकत नाही, पण तिची आहे ना ती.

खिडकीतून कुणाला खुणावताय? सायकलवाल्याला? तो बहिरा आहे, त्याला खुणा —

काय म्हणालात?

पुन्हा म्हणू नका. ऐकलं मी. "दोघं मागच्या जिन्याकडे जा." त्यांच्या भाषेत म्हणालात. आणि किती स्वच्छ म्हणालात. असे उच्चार छापखान्यात येत नाहीत, असे कचेरीत शिकवतात. मीच शिकवत होतो तिथे. म्हणजे समितीने नाही धाडलं तुम्हाला. मी विचारलंच नाही. मीच म्हणालो समिती, आणि तुम्ही नुसती मान हलवलीत. विद्यार्थी — ते तरी खरं की — खरं आहे? खरंच मास्तरांच्या वर्गात होतात? त्या दिवशी? त्या वर्गात बसलेले असताना तुम्ही —

सोडा. हात सोडा माझा. गप्प बसू? परवाना देताय? कसला परवाना आता, मला कुठे जायचंय? घरात कोण उरलंय, ज्याच्यासाठी गप्प बसू? सोडा म्हणतो ना — ती बघा, मागच्या खिडकीतून दिसतेय, चौकात आली. हातात चपला घेऊन येते, वाजू नयेत म्हणून. सरका. मला त्या खिडकीशी जाऊ द्या —

पोरी! वर येऊ नकोस! वही गेली, जाऊ दे, तोंडपाठ आहे तुला! माझ्याकडे काय बघतेस? मीच सांगितलं त्यांना, मीच — पळ! गोदीत जा, हमालांच्यात शिर! पळ, पोरी, पळ —