भिंगरी या नावाच्या ताब्याबाबत

मी, भिंगरी कृत्रिम पाय कारखान्याचा मालक, वय ६२ वर्षे, धंदा कृत्रिम पाय बनवणे, राहणार कारखान्याच्याच वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन जबाब देतो तो असा. याच कामासाठी मी यापूर्वीही येथे आलो होतो. तेव्हा माझा जबाब घेतला गेला नाही, हे आधी लिहून घ्यावे.

माझी एकुलती एक मुलगी लहानपणी एका जागी बसत नसे, म्हणून घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. कारखान्याला मी तेच नाव दिले. पाय गमावलेल्या माणसाला ते नाव ऐकून जरा हसू येते, आणि हसलेल्या माणसाचे माप घेणे सोपे जाते.

मुलीच्या लग्नानंतर जावयाने कारखान्याची वेबसाइट बनवून दिली. तिचा इंटरनेटवरचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो भिंगरी याच नावाचा. जावयाने त्याची नोंद स्वतःच्या नावावर केली. घरचाच माणूस, म्हणून मी काही विचारले नाही. पुढे बहुतेक गिऱ्हाईक त्याच पत्त्यावरून येऊ लागले. लांबचे लोक फोटो आणि जुनी मापेही तिथेच पाठवत.

गेल्या हिवाळ्यात मुलगी सासर सोडून माझ्याकडे आली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. दारात सापडला, असे तिने सांगितले. मोडकी हाडे बघण्यातच माझा जन्म गेला आहे. तरी तिने तक्रार देऊ दिली नाही, म्हणून मी दिली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या पत्त्यावर दुसऱ्याच कारखान्याचे पान उघडू लागले. वर नाव मात्र भिंगरीच. एक शिंपी तिथून मागवलेला पाय काखोटीला मारून माझ्याशी भांडायला आला. त्या पायाने शिलाई मशीन चालवून चालवून त्याला जखम झाली होती. तो पाय मी बनवलेला नाही हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी त्याला नवीन पाय बनवून दिला, तेव्हा तो गप्प झाला.

मी जावयाला फोन केला. त्याचे उत्तर जसेच्या तसे सांगतो: "तिला पाठवा. नाव लगेच तुमच्या नावावर करतो."

डोमेनची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने सांगितले की ज्याच्या नावावर नोंद तोच मालक. या ठाण्यात सांगितले की हे आमचे काम नाही, लवादाकडे जा. म्हणून डोमेनचे तंटे सोडवणाऱ्या लवादाकडे अर्ज केला. तिथे जावयाने लग्नाचे फोटो आणि बायकोला लिहिलेली पत्रे हजर केली. लवादाने निकाल दिला की भिंगरी हे त्याच्या पत्नीचे घरातले नाव आहे, तेव्हा त्या नावाशी त्याचा स्वतःचा संबंध आहे. वाईट हेतू सिद्ध होत नाही. घरगुती वाद कोर्टात मिटवावा. म्हणजे नाव ठेवले मी, आणि हक्क त्याचा. कोर्टात वर्षे जातील असे वकील म्हणाले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा सगळा कारभार आहे. हे वाक्य काढू नये.

निकाल मी घरी जेवताना मोठ्याने वाचला आणि तोंडाला येईल ते बोललो. कारखाना बुडाला, असेही बोललो. मुलगी ताटावर होती.

काल दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या पायाचे प्लास्टरने माप घेत होतो. मुलगी बॅग घेऊन जिन्यावरून खाली आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं नाव तुम्हाला मिळेल. आता कुणाच्या दारात जाऊ नका." माझे दोन्ही हात ओल्या प्लास्टरमध्ये होते. मी उठून बाहेर येईपर्यंत गाडी निघाली होती. मुलगी पुन्हा नांदायला गेली. संध्याकाळी कंपनीचा ईमेल आला की डोमेन माझ्या नावावर झाले आहे. तेव्हापासून मुलीचा फोन बंद आहे.

आज येथे आल्यावर साहेब म्हणाले, "काका, नाव परत मिळालं ना? मग आता तक्रार कसली?" हेच मला पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. मला त्याचा अतिशय संताप आला आहे.

माझी तक्रार नावाबद्दल नाही. ते नाव मला नको, त्याची नोंद रद्द करा असे मी कंपनीला सकाळीच कळवले आहे. माझी तक्रार अशी की माझी मुलगी त्या घरात आहे. महिला पोलिसाने तिथे जाऊन तिला एकटीला बाहेर बोलवावे आणि विचारावे. नवऱ्यासमोर विचारू नये. तिचा हात दारात सापडून मोडलेला नाही. तो पिरगळून मोडलेला आहे. हे मी पहिल्याच दिवशी ओळखले होते.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मुलगी पुन्हा नांदायला गेली, या वाक्यात त्यांनी आपल्या मनाने "स्वखुशीने" असा शब्द घातला होता. तो माझ्या सांगण्यावरून खोडला असून खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.