निळ्याचे सहा हात

ताई: विमानाच्या ह्या मॉडेलला हात लावू नको म्हणालास, नाही लावला. पण टेबल मोकळं करून दे. चार वाजता वृद्धाश्रमाच्या बाई येतील, त्यांना कागद पसरायला जागा नको?

धाकटा: पंधरा मिनिटं दे, ताई. शेपटीवरचा सातचा आकडा राहिलाय. पंखांवरचा रंग अजून ओला आहे. आत्ता हलवलं तर सहा महिन्यांचं काम मातीत जाईल.

ताई: विमानाला सहा महिने. आईच्या औषधांची यादी करायला मात्र सहा मिनिटं मिळाली नाहीत तुला.

धाकटा: आईसाठीच करतोय ना? तिथल्या खोलीत खिडकीत ठेवेल. बाबांचं शर्यतीचं विमान समोर असलं की करमेल तिला.

ताई: करमेल म्हणे! जाऊ दे, मला बोलायला लावू नको. झोपलीय का ती?

धाकटा: आत पडलीय.

ताई: मी कपाट आवरत होते तर नुसती टक लावून बघत होती. कुठे नेतेस म्हणून एकदाही विचारलं नाही. चांगली कडाकडा भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

धाकटा: आता ऐनवेळी कच खाऊ नको. गॅस दोनदा चालू राहिला, तूच बघितलास. आणि डॉक्टरांनी विचारलं, जुनं तरी नीट आठवतं का? मी खोटं सांगू? विमान पिवळं होतं म्हणते. शंभर वेळा तो जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो दाखवला तिला. हा बघ. काळंकुट्ट दिसतंय की नाही? म्हणजे गडद निळं असणार. पिवळं कुठून येईल?

ताई: ती म्हणायची, मीच रंगवलं, आठ दिवस हाताचा रंग जात नव्हता.

धाकटा: आणि शेजारणीला वाटलं कावीळ झाली. गोष्ट झकास आहे. डॉक्टरांनी तीच उतरवून घेतली आणि खाली शेरा मारला, 'आठवणी रचून सांगतात.' बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. विमान भंगारात गेलं, उरला हा एक फोटो. मी फोटोवर नाही तर कशावर विश्वास ठेवायचा?

ताई: तू आईला काय म्हणालास ते आठवतंय?

धाकटा: गंमत केली मी.

ताई: 'कावीळ झालेल्याला सगळं जगच पिवळं दिसतं.' डॉक्टरांच्या समोर! त्या दिवसापासून तिने विमानाचं नाव काढलेलं नाही.

धाकटा: ताई, बोलता बोलता रंगवता येत नाही मला. आकडा वाकडा जाईल. तू जा बघू, बॅग भर.

ताई: भरलीय. हा एवढा रुमाल राहिला, गळ्याला बांधायचा. कपाटात तळाशी कागदात गुंडाळून ठेवला होता तिने. द्यावा का बरोबर?

धाकटा: दे की. थंडी असते तिथे.

ताई: रेशमी आहे रे. हळदीसारखा पिवळा, पांढरे ठिपके, एका टोकाला दोन पट्ट्या... थांब. तो फोटो इकडे दे.

धाकटा: माझे हात रंगाचे आहेत, तूच घे.

ताई: ह्यात विमानाला टेकून आई उभी आहे. तिच्या गळ्यात काय आहे?

धाकटा: रुमाल. काळा.

ताई: नीट बघ. पांढरे ठिपके. टोकाला दोन पट्ट्या.

धाकटा: तसाच दिसतोय.

ताई: तसाच नाही, तोच आहे. मग फोटोत काळा का?

धाकटा: अरे देवा.

ताई: काय झालं? ब्रश का खाली ठेवलास?

धाकटा: फिल्म, ताई. जुन्या काळी एका जातीची फिल्म असायची, तिला पिवळा रंग नीट टिपताच यायचा नाही. पिवळं ते काळं उमटायचं. विमान निळं असतं तर उलट फिकट आलं असतं. आम्हा मॉडेलवाल्यांना पहिला धडाच हा असतो. मी स्वतः चारचौघांना शिकवलाय. जुन्या फोटोतल्या काळ्यावर भरवसा ठेवू नका म्हणून!

ताई: मग इथे कुठे गेला तो धडा?

धाकटा: डोक्यातच आलं नाही. आई चुकतेय हे आधीच ठरवून बसलो होतो ना.

ताई: म्हणजे पिवळं होतं.

धाकटा: पिवळं धमक. शेजारीण, कावीळ, सगळं खरं. आणि मी निळ्याचे सहा हात मारले, प्रत्येक हात पॉलिश पेपरने घासून.

ताई: विमान गेलं खड्ड्यात! डॉक्टरांच्या त्या कागदावर तिला तिथे जागा मिळालीय.

धाकटा: आणि गॅस?

ताई: गॅस विसरली, खरं आहे. गेल्या महिन्यात मी दूध करपवलं, मला कुठे धाडलंस? आपोआप बंद होणारी शेगडी मिळते, ती आणू. काहीतरी करू. मला एकटीला भीती वाटत होती रे, म्हणून तुझा फोटो मला सोयीचा वाटला. बेल वाजली का?

धाकटा: आल्या. वेळेच्या आधीच.

ताई: मी दारातच सांगते, डॉक्टरांना पुन्हा भेटायचंय, आज काही सही होणार नाही. तू आईकडे जा.

(आतल्या दारात आई उभी आहे. केस विंचरलेले, पायात बाहेर जायच्या चपला.)

धाकटा: आई! कधी उठलीस?

आई: झोपलेच नव्हते. झालं का रे विमान? बघू. छान केलंस हो. अगदी तसंच.

धाकटा: तसंच नाही, आई. माझं चुकलंय.

आई: काही चुकलं नाही. निळंच होतं. आठ दिवस पाठ करतेय मी. त्या बाईंनी विचारलं की न अडखळता निळं म्हणेन. मग राहू देतील ना मला इथे?

धाकटा: आई, ऐक माझं. पिवळं होतं. तू म्हणत होतीस तेच खरं.

आई: हळू बोल रे. त्या दारातच आहेत. गेल्या की मग पिवळं म्हणू.